हलव्याचे दागिने आणि त्यांची रवानगी

पौषातल्या थंडीत तिळावर साखरेच्या पाकाचे एकेक पुट चढवायचे, त्याला बारीक काटा फुटेपर्यंत बोटे भाजून घ्यायची, मग तो काटेरी दाणा दोऱ्यात ओवून किंवा पुठ्ठ्यावर बसवून त्याची नथ, बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट आणि बासरी घडवायची, आणि एवढे सगळे करून तो दागिना नव्या सुनेच्या किंवा तान्ह्या बाळाच्या अंगावर एका संध्याकाळपुरता घालून पुढे मुंग्यांच्या स्वाधीन करायचा, हा उद्योग ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चालवला त्याला काटकसरी म्हणण्याचा प्रघात आहे, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

ही पुस्तिका त्या उद्योगाविषयी आहे. तिच्या लेखिका बदलापूरच्या. त्यांचे नाव मुखपृष्ठावर आहेच, आणि प्रस्तावनेत ते पुनःपुन्हा घेऊन मजकुराला स्तुतिपाठाचा वास आणलेला त्यांना आवडणार नाही. विषयाचे त्यांनी दोन भाग केले आहेत, पहिला घडणीचा आणि दुसरा रवानगीचा. हलवा कसा करावा हे सांगणारी पुस्तके आपल्याकडे आहेत, दागिन्यांचे नमुने शिकवणारे वर्गही दर डिसेंबरात गल्लोगल्ली भरतात. परंतु घडलेला दागिना खोक्यात कसा निजवावा, तो कोणत्या तारखेच्या आत पोस्टात पडावा, जकातीच्या कागदावर त्याचे वर्णन काय लिहावे, आणि न्यू जर्सीत तो खोका उघडला जाईल तेव्हा नथीचा आकडा शाबूत असावा यासाठी ती नथ मुळातच कशा रीतीने बांधावी, याचा साक्षेपाने विचार करणारे मराठी लिखाण माझ्या पाहण्यात नव्हते. माझा तर असा पक्का ग्रह झाला आहे की ही कला आज जी जिवंत आहे ती या दुसऱ्या भागाच्या जोरावर.

पूर्वीच्या व्यवस्थेत रवानगीचा प्रश्नच नव्हता. सून घरातच होती, लेक दिली तर चार गल्ल्या पलीकडे किंवा फार तर एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर, आणि हलव्याचे ताट रुमालाखाली झाकून घरातली एखादी पोर ते नेऊन देई. पुढे गिरगाव-दादरच्या चाळींतली कुटुंबे जागेच्या टंचाईने आधी डोंबिवली-कल्याणला आणि मग लोहमार्गाच्या आणखी पुढच्या टोकाला, अंबरनाथ-बदलापूरला सरकली, त्यांची मुले पुण्या-बंगळुरास आणि नातवंडे अटलांटिकपलीकडे गेली, तेव्हा अशा क्षणभंगुर आणि कष्टसाध्य प्रथेचा अंत सर्वांत आधी होईल असे कोणीही तर्काने म्हटले असते. घडले ते उलट. जवळच्या माणसाला आपण भेटतो, त्याच्याशी भांडतो, आणि त्याला काही घडवून द्यावे याचे स्मरण सहसा राहत नाही. जो दूर गेला त्याच्यासाठी मात्र हात कामाला लागतात. सोने पाठवावे तर जकात, विमा आणि चोरीची धास्ती या तिन्ही गोष्टी आड येतात, पुरणपोळी पोचेपर्यंत टिकत नाही, तेव्हा वजनाला हलका, किमतीला नगण्य, आणि कोणाच्या बोटांनी केला हे पाहताक्षणी सांगणारा हलव्याचा दागिना हीच पाठवण्याजोगी वस्तू उरते. मुलीच्या पहिल्या संक्रांतीला ती तिकडे आणि दागिने इकडे असे होऊ नये ही आईची जिद्द, आणि बाळाचे बोरन्हाण बर्फाळ गावातल्या एखाद्या दिवाणखान्यात का होईना पण मुकुट-बासरीसकट व्हावे हा आजीचा हट्ट, या दोहोंनी मिळून ही कला तगवली आहे.

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेल्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर ही स्टेशने ओलांडली की अंबरनाथ आणि त्यापुढे बदलापूर लागते. तिन्ही गावांचे पिंड अगदी वेगळे, आणि लेखिकांनी आपल्या विषयासाठी तिन्हींकडून काही ना काही उचलले आहे. बदलापूरने त्यांना थंडी दिली. हिवाळ्यात मुंबईच्या परिसरातला पारा सर्वांत खाली उतरल्याची बातमी येते ती बहुधा बदलापूरची असते. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोलगट खोऱ्यात वसलेल्या या गावावर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे असा गारठा उतरतो की लोकलमध्ये चढणारा माणूस स्वेटर घालून निघतो आणि दादरला उतरताना तो हातावर घेतो. हलव्याला हीच हवा लागते. दमट हवेत साखर कोरडी होत नाही आणि कोरडी झाल्याखेरीज काटा धरत नाही. म्हणून ज्यांना हलव्याची खरी ओढ असते त्या बायका पहाटे, घर उठण्यापूर्वी परात घेऊन बसतात.

ही कृती पुस्तिकेत सविस्तर आहे, तरी तिच्यातला एक भाग इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. साखरेचा पाक कढत असताना त्यात थोडे दूध घालून वर आलेली मळी काढतात आणि पाक गाळून घेतात, कारण त्यात कण राहिला तर हलव्याचा पांढरेपणा जातो. तीळ, खसखस, साबुदाणा, लवंग, वेलदोडा, भोपळ्याची बी, जो दाणा घ्यायचा असेल तो कोरडा करून परातीत पसरायचा, परातीखाली इतकी मंद आच ठेवायची की हात आत राहू शकेल पण सुखाने राहू नये, आणि मग चमचा-दीड चमचा पाक टाकून बोटांच्या टोकांनी दाणे सतत फिरवत राहायचे. ओले दाणे मुके असतात. ते एकमेकांना आणि बोटांना चिकटतात, त्यांना सोडवत राहावे लागते, चिकट झालेली बोटे ओल्या फडक्याला पुसावी लागतात. हळूहळू परातीतून खसखस असा आवाज येऊ लागतो, मग तो टणक होतो, आणि आवाज टणक झाला की पुढचा चमचा. घाईने जास्त पाक ओतला तर दाण्यांच्या गुठळ्या होतात, आच वाढली तर साखर पिवळी पडते, आणि परातीच्या तळाशी साखरेची जी पूड सुटते ती वरचेवर चाळून टाकली नाही तर काट्यांची टोके बुजून दाणा गुळगुळीत गोटी होऊन बसतो. पहिल्या दिवशी नुसता पांढरा लेप दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यावर खरखर येते, आणि त्यानंतर केव्हातरी, ज्याची वेळ कोणालाही नेमकी सांगता येत नाही, एकेका दाण्याला चहूबाजूंनी टोके फुटलेली दिसतात. एकदा काटा दिसला की हात अधिकच हलका करायचा, कारण आता घासणे म्हणजे मोडणे. लेखिकांच्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची टोके संक्रांतीच्या आधीचा पंधरवडाभर तांबडी असतात, आणि त्या दिवसांत बँकेत अंगठा उमटवून काही करायचे असेल तर ते काम त्या पुढे ढकलतात, असे त्यांनी हसत सांगितले. पुस्तिकेत मात्र त्यांनी हे लिहिलेले नाही.

सामग्रीची बाजू उल्हासनगरची. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. तिच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिची उल्हासनगर म्हणून पायाभरणी झाली. सरकारी दप्तरात नाव बदलले तरी लोकांच्या जिभेवरची छावणी काही उठली नाही: आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प चार’ किंवा ‘कॅम्प पाच’ असेच म्हणतात. सर्वस्व मागे टाकून आलेल्या या लोकांनी पापड, मिठाई, कपडा, फर्निचर असे हाताला लागेल त्याचे कारखाने खोल्या-खोल्यांतून उभे केले, आणि त्यातून जो घाऊक बाजार वाढला त्यात आज सोनेरी जर, रंगीत कागद, मणी, पुठ्ठा, पारदर्शक झाकणाची खोकी हे सारे एका फेरीत मिळते. पण उल्हासनगरचे ऋण एवढ्यावर संपत नाही. सिंधी घरांत संक्रांतीला तिरमूरी म्हणतात, आणि त्या दिवसासाठी आईबाप सासरी गेलेल्या लेकीला तिळाचे लाडू आणि लाई, म्हणजे आपली चिक्की, आवर्जून पाठवतात. ज्यांचे माहेरच सीमेपलीकडे राहिले त्यांनीही ही पाठवणी सोडली नाही, आणि पुढे त्यांच्या लेकी हाँगकाँगपासून लागोसपर्यंत पांगल्या तरी ती सुटली नाही. तिळाचा पदार्थ घरातून निघून लेकीच्या दारी जाणे हा या सणाचा अर्धा विधी आहे, हे मराठी वाचकाने आपल्या शेजाऱ्यांकडून समजून घेण्यासारखे आहे. आपण ‘गोड बोला’ म्हणण्यावर भर दिला, त्यांनी पोचवण्यावर.

अंबरनाथकडून लेखिकांनी काय घेतले हे वाचून मला थोडा आश्चर्याचा धक्का बसला. वालधुनी नदीच्या काठच्या शिलाहारकालीन शिवालयात, जिथल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हा काल कोरलेला आहे, बाह्य भिंतींवरच्या मूर्ती नखशिखांत अलंकृत आहेत: गळ्यात पदर-पदरांचे हार, दंडात केयूर, कमरेला लोंबत्या सरांची मेखला. लेखिकांनी एका सुटीच्या दिवशी तिथे जाऊन या मेखलेची आकृती चौकटीच्या वहीत उतरवून घेतली आणि तिच्यावरून हलव्याचा कंबरपट्टा बसवला. तो नमुना पुस्तिकेच्या मध्यावर दिला आहे. पाऊस आणि वारा यांनी त्या मूर्तींची मुखे झिजवली, पण दागिन्यांची मांडणी अद्याप वाचता येते. सुमारे साडेनऊशे वर्षे दगडात टिकलेल्या अलंकाराची साखरेत उतरवलेली नक्कल रथसप्तमीपर्यंतही टिकणार नाही, यात काही विसंगती आहे असे लेखिकांना वाटत नाही. नमुना टिकला म्हणजे झाले, दागिना दरसाल नवा करायचा असतो, असे त्यांचे म्हणणे, आणि सोनारांपेक्षा रांगोळी घालणाऱ्या बायकांना ते अधिक लवकर पटेल. अंबरनाथची दुसरी देणगी मात्र औद्योगिक इतिहासातली आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘विमको’चा, काडेपेटीचा कारखाना या गावात होता, आणि त्या काळी घरोघरी साठलेल्या रिकाम्या काडेपेट्यांत कापूस घालून त्यात हलव्याची नथ किंवा कुडी ठेवून पाठवण्याची युक्ती लेखिकांच्या आजीची. सरकत्या खणाची ती इवलीशी पेटी नथीसाठी जणू मापून केलेली असते. कारखाना आज राहिला नाही, युक्ती राहिली.

नाताळाचा विषय इथे अपरिहार्यपणे येतो, कारण डिसेंबर उजाडला की याच तिन्ही गावांच्या गच्च्यांवर आणि खिडक्यांत कागदी चांदण्या लागतात, आणि पोस्टाच्या खिडकीशी हलव्याची पार्सले घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांच्या पुढे-मागे नाताळाच्या भेटी पाठवणारी कुटुंबे असतात. युरोपात नाताळाच्या झाडावर प्रथम सफरचंदे, अक्रोड, मसाल्याची बिस्किटे आणि साखरेची मिठाई टांगत. काचेचे रंगीत गोळे नंतर आले, जर्मनीतल्या थुरिंगियाच्या डोंगरातल्या लाउशा या काचकामाच्या गावी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते घरगुती भट्ट्यांवर फुंकले जाऊ लागले, आणि १८८० च्या सुमारास वुलवर्थसारख्या अमेरिकन दुकानदारांनी ते समुद्रापार नेले. म्हणजे खाण्याजोगा अलंकार मागे पडून टिकाऊ अलंकार पुढे आला, आणि टिकाऊपणाबरोबर तो घरच्या हातांतून कारखान्याच्या हातांत गेला. आपल्याकडे हे स्थित्यंतर पूर्ण झालेले नाही, हे मी आपले भाग्य समजतो. थर्माकोलच्या गोळ्यांचे आणि प्लॅस्टिकच्या मण्यांचे, दुरून हलव्यासारखे दिसणारे संच बाजारात दिसतात, ते दरवर्षी तेच वापरता येतात अशी त्यांची जाहिरात असते, आणि ते विकत घेणाऱ्याने आपण नक्की काय वाचवले याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

साखरेचे पुट चढवलेला दाणा तरी केवळ आपलाच कुठे आहे? बडीशेप, धणे, बदाम यांवर पाकाचे थर देऊन केलेल्या गोळ्या युरोपात मध्ययुगापासून होत्या, आणि नाताळाच्या मिठाईत त्यांना मानाचे स्थान होते. पोर्तुगीजांनी ही विद्या पूर्वेकडे नेली. गोव्यात पाद्रीपदाची दीक्षा घेतलेल्या लुईश फ्रोइश या जेझुइट पाद्र्याने १५६९ मध्ये जपानच्या ओदा नोबुनागा या सत्ताधीशाला काचेच्या बरणीतून जी भेट दिली ती अशाच गोळ्यांची होती, आणि जपानी कारागिरांनी तिच्यापासून जो कोंपेइतो सिद्ध केला त्याला चहूबाजूंनी काटे असतात, त्याचा गाभा जुन्या काळी खसखशीचा असे, आणि तो तयार व्हायला आजही आठवडा-दोन आठवडे लागतात. कोंपेइतोला काटे का फुटावेत यावर तेरादा तोराहिको या जपानी पदार्थविज्ञानवेत्त्याने गंभीरपणे लिहिले आहे; आपल्याकडे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक हलवा खातात, एवढेच. उल्हास नदी बदलापूर-कल्याणवरून वाहत जाऊन ज्या वसईच्या खाडीला मिळते त्या वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, हे ठाऊक असणाऱ्या वाचकाच्या मनात, आपला हलवाही पोर्तुगीजांकडूनच आला की काय, अशी एक शंका येथे डोकावेल. तिला मी उत्तेजन देत नाही. दोन वेगवेगळ्या परातींत, दोन वेगवेगळ्या समुद्रांकाठी, साखरेने एकच आकार घेतला असे म्हणणे पुरेसे चमत्कारिक आहे.

आता टपालाकडे येतो, कारण अलंकार आणि टपाल यांची सोयरीक फार जुनी आहे. १८४० मध्ये इंग्लंडात एक पेनीचे टपाल सुरू झाले, त्या सुधारणेत रोलंड हिलच्या हाताखाली खपलेल्या हेन्री कोलनेच १८४३ मध्ये नाताळाचे पहिले छापील भेटकार्ड काढले. टपाल स्वस्त झाले की शुभेच्छांना पाय फुटतात, हे त्याने ओळखले होते. हिंदुस्थानात अंतर न पाहता केवळ वजनावर हशील घेण्याची पद्धत १८५४ मध्ये आली, आणि त्याच वर्षी आगगाडी कल्याणपर्यंत पोचली. पुढे संक्रांतीची भेटकार्डे निघाली, आणि त्यांच्या पाकिटात चिमूटभर हलवा घालण्याचा जो शिरस्ता पडला तो आमच्या पिढीला पूर्ण परिचित आहे. पोस्टातला कारकून तिकिटावर ठसा मारी तो नेमका त्या फुगवट्यावर, आणि पाकीट हाती येई तेव्हा आत साखरेची भुकटी, दोन उघडे पडलेले तीळ आणि कागदाला पडलेला तेलकट डाग एवढेच उरलेले असे. वजन अधिक भरले तर पत्र बैरंग होई आणि घेणाऱ्याला दुप्पट दंड भरून ती भुकटी सोडवून घ्यावी लागे. तरी कोणी रागावल्याचे स्मरत नाही. चुराच का होईना, तो जिभेवर ठेवून लोक पुढचे पत्र वाचत.

दागिना पाठवायचा तर हा भोळेपणा चालत नाही, आणि लेखिकांच्या पुस्तिकेचा सर्वोत्कृष्ट भाग इथे सुरू होतो. त्यांचे मुख्य सूत्र असे, की दागिना घडवण्यापूर्वी त्याचा मुक्काम विचारावा. पुण्याला जाणारा हार दोऱ्यात ओवलेला चालतो. परदेशी जाणारा हार पातळ पुठ्ठ्याच्या पट्टीवर बसवावा, म्हणजे दाण्यावर दाणा आपटत नाही. बांगड्या एकात एक घालाव्यात आणि मधल्या पोकळीत सुटा हलवा भरावा, जो पोचल्यावर वाटायला होतो आणि वाटेत भरणाचे काम करतो. मुकुट खोक्यात उभा ठेवू नये. काडेपेटीतही कापूस थेट हलव्याला लावू नये, काट्यात त्याचे तंतू अडकतात. मध्ये बटरपेपर हवा. ओलाव्यासाठी औषधांच्या बाटल्यांत येतात तसल्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि सर्वांत बाहेर हवाबंद पिशवी. हे सगळे वरवर किरकोळ वाटते, पण नथीचा आकडा तारेऐवजी दुहेरी दोऱ्याचा करण्याची जी सूचना त्यांनी केली आहे तीत या सगळ्याचे सार आहे: तार पार्सलच्या दाबाने वाकून दाणा फोडते, दोरा दबून पुन्हा सरळ होतो.

मुक्काम विचारण्याचे आणखी एक कारण जकातीचे. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर या देशांत खसखशीला बंदी आहे, तिची गणना तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात होते. आपल्या स्वयंपाकघरातल्या या निरुपद्रवी दाण्यावर साखरेचे पुट चढवून केलेली नाजूक वेणी दुबईच्या सुनेला पाठवणे म्हणजे तिला तपासनिसापुढे उभे करणे होय. तिच्यासाठी दागिने तिळाचे किंवा साबुदाण्याचे करावेत, आणि सोबतच्या कागदावर तसे स्पष्ट लिहावे. ऑस्ट्रेलियाचे बी-बियाणांविषयीचे नियम फार कडक, तिथे पाठवण्यापूर्वी चौकशी करावी. कागदावर नुसते ‘दागिने’ असे कधीही लिहू नये, अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे सोने उभे राहते आणि खोका अडकतो. साखरेची हस्तकला, भेटवस्तू, मूल्य अमुक, एवढे पुरे. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने आयातीचे नियम बदलल्यामुळे आपल्या टपालखात्याने तिकडची पार्सले घेणे थांबवले आणि ऑक्टोबराच्या मध्यास ते पुन्हा सुरू केले. हे विघ्न संक्रांतीच्या तोंडावर आले असते तर किती घरांत अश्रू ढाळले गेले असते कोण जाणे. त्याच वर्षी देशांतर्गत रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झाले. लाल शाईत ‘रजिस्टर्ड’ असे लिहिण्याची सवय असलेल्या माझ्यासारख्याला ते जरा लागले, पण १९८६ पासून चालत आलेल्या स्पीड पोस्टाने हलवा अधिक लवकर पोचतो हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. पत्त्याबाबत लेखिकांनी पिनकोड ठळक लिहिण्याचा आग्रह धरला आहे: उल्हासनगरचे ४२१००१ पासून ४२१००५ पर्यंत, अंबरनाथचा ४२१५०१, बदलापूरचा ४२१५०३. १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आलेली ही अंकयोजना ज्यांच्या कल्पनेतून निघाली ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते. छंदशास्त्रातल्या मात्रा मोजणाऱ्या माणसाने देशाच्या पत्त्यांना सहा मात्रांत बसवले, याचे मला कौतुक वाटते.

तिथीची गोष्ट मात्र पिनकोडइतकी सरळ नाही. संक्रांत सूर्यावर चालते आणि रथसप्तमी चंद्रावर, आणि हळदीकुंकू व बोरन्हाण या दोहोंच्या दरम्यान केव्हाही करता येते. म्हणून उशिरा पोचलेल्या पार्सलला जी सवलत मिळते ती दरवर्षी वेगळी. २०२४ मध्ये रथसप्तमी १६ फेब्रुवारीला आली, म्हणजे आळशी पाठवणाऱ्यालाही महिनाभर हात होता. २०२५ मध्ये ती ४ फेब्रुवारीला, आणि २०२६ मध्ये २५ जानेवारीलाच आली, म्हणजे सवलत जेमतेम अकरा दिवसांची. शिवाय संक्रांत ही तरी कुठे स्थिर आहे? १८६३ मध्ये स्वामी विवेकानंदांचा जन्म झाला तो १२ जानेवारीचा दिवस मकरसंक्रांतीचा होता, आज ती १४ ला किंवा १५ ला येते, आणि सुमारे सत्तर वर्षांना एक दिवस या गतीने ती पुढे सरकत राहणार आहे. परदेशचे खोके नाताळाच्या गर्दीपूर्वी, म्हणजे डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात निघावेत असे लेखिकांचे मत आहे. पण मग हलवा नोव्हेंबरात करावा लागतो, आणि नोव्हेंबरात बदलापूरलाही पुरेशी थंडी नसते. या पेचातून त्यांनी काढलेली वाट, रात्री पंख्याखाली परात ठेवून पुटे देण्याची, मला मान्य आहे. मात्र त्या हलव्याचा काटा जानेवारीच्या काट्याची बरोबरी करत नाही, हे त्यांनी अधिक मोकळेपणाने लिहायला हवे होते.

आणखी एका बाबतीत पुस्तिका मला उणी वाटली. मोसमात या वसाहतींतल्या कितीतरी बायका दागिन्यांचे संच मागणीप्रमाणे करून देतात, आणि एका पूर्ण संचामागे किती दिवसांची बोटे भाजली आहेत याचा विचार न करता गिऱ्हाईक भाजीसारखी घासाघीस करते. ‘घरबसल्या’ या एका शब्दाखाली बाईच्या श्रमाचे मूल्य झाकून टाकण्याची आपली जुनी खोड आहे. किंमत कशी धरावी, आगाऊ रक्कम किती घ्यावी, वाटेत फुटलेल्या दागिन्याची जोखीम कोणाची, यावर एक प्रकरण असायला हवे होते. लेखिका स्वतः विकत नाहीत, केवळ भेट देतात, म्हणून हा विषय त्यांनी दोन परिच्छेदांत आटोपला. दुसऱ्या आवृत्तीत तो विस्ताराने यावा अशी माझी त्यांना विनंती आहे.

आमच्या दोघांत खरा मतभेद पडला तो शेवटच्या प्रकरणावरून. लेखिकांचे म्हणणे असे, की फार दूरच्या घरी तयार दागिना पाठवूच नये. निवडलेला काटेरी हलवा, कापून ठेवलेले पुठ्ठ्याचे आकार, जर, सुई, मेण लावलेला दोरा आणि हाताने काढलेली आकृती एवढे खोक्यात घालावे, आणि जुळणी तिकडे, लेकीने किंवा जावयाने आपल्या हाताने करावी. फुटतूट कमी होते, जकातीचे प्रश्न सोपे होतात, आणि तिकडच्या मुलांना हे काम येऊ लागते. मी त्यांना म्हटले की नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला दागिना घालायला मिळावा, घडवायला लागू नये. माहेरच्या भेटीत काम निघाले तर ती भेट कसली, आणि नोकरीवरून दमून आलेल्या मुलीने रात्री सुईत दोरा ओवत बसावे काय? त्यावर त्यांनी त्यांच्या एका भाचीने पाठवलेले छायाचित्र मला दाखवले: तिच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेला हलवा, शेजारच्या घरातली दोन परदेशी मुले गोंदाने माखलेली, आणि बाजूबंद तिरका बसलेला. तिरकेपणाबद्दल मी बोललो. तो पुढच्या वर्षी सरळ होईल, असे त्या म्हणाल्या. प्रकरण त्यांनी अर्थातच आपल्या बाजूने लिहिले आहे, नमुन्यादाखल एका सुट्या संचाची यादीही जोडली आहे; माझा विरोध नोंदवून घेण्याइतपत जागा त्यांनी मला इथे दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.